मागून आलेला आवाज

"आकडा एका श्वासात सांगायचा. मधे थांबलास, तर ड्रायव्हर अर्धाच आकडा ऐकतो आणि उरलेल्यासाठी भांडायला खिडकीशी येतो. पोटात हवा भर, मग माईक हातात घे."

वजनकाट्यावरच्या काकांनी पहिल्याच दिवशी त्याला हे सांगितलं होतं. ट्रक येऊन लोखंडी फळीवर उभा राहायचा, आतल्या पडद्यावर आकडा स्थिर व्हायचा आणि काका भोंग्यातून गाडीचा नंबर आणि वजन असं काही सांगायचे, की आवारातल्या कुत्र्यालाही पाठ व्हावं. काकांचा घसा बसला आणि हे काम त्याच्याकडे आलं. तेव्हा त्याला एकोणिसावं लागलं होतं. महिन्याभरात सगळे त्याला काट्या म्हणू लागले, आणि आईसोडून कुणाला त्याचं खरं नाव आठवेनासं झालं.

पुढे हे नाव बऱ्याच जणांना माहीत झालं. पण ही गोष्ट त्या वर्षांतली आहे, जेव्हा त्याला दोन गल्ल्यांपलीकडे कुणी ओळखत नव्हतं, आणि ओळखत नाही या गोष्टीचा त्याला रोज सकाळी उठल्याबरोबर नव्याने राग यायचा.

ते तिघे होते. काट्या लिहायचा आणि म्हणायचा. ठोक्याकडे एक जुना संगणक होता, त्याच्यावर तो ठेके बसवायचा; जेवताना ताटावर, चालताना मांडीवर, डॉक्टरकडे गेला तर डॉक्टरच्या टेबलावर त्याची बोटं वाजतच असायची. आणि तिसरा घोगऱ्या, गादीवाल्यांचा मुलगा. तो बारा वर्षांचा असताना त्याचा आवाज फुटला तो तसाच राहिला. "देवाने गळा दिला, पण आतून पॉलिश करायला विसरला," असं तो स्वतःच म्हणायचा. काट्याच्या ओळीचा शेवटचा शब्द मागून उचलायचा, हे त्याचं काम. काट्याने 'तोलला' म्हटलं की त्याच क्षणी खालून घोगऱ्याचं 'तोलला' यायचं, आणि तेवढ्यात काट्या श्वास घेऊन पुढच्या ओळीत शिरायचा. हे त्यांनी कुठे शिकलं नव्हतं. सवयीने झालं होतं.

जागा घोगऱ्याच्या वडिलांची. गाद्यांच्या कारखान्यामागे कापसाची खोली होती. छतापर्यंत गठ्ठे, मधे चार माणसं उभी राहतील इतकी मोकळी जागा. तिथे टाळी वाजवली तरी आवाज परत यायचा नाही. ठोक्याने पहिल्यांदा आत पाऊल टाकलं तेव्हा तो देवळात शिरल्यासारखा गप्प झाला होता. लोक यासाठी हजारो रुपये घालवतात, म्हणाला, आणि तुमच्याकडे ते पोत्यात भरून पडलंय.

पण जिथे सोय, तिथे गैरसोयही शेजारीच राहायला येते. कारखान्यात कापूस पिंजायचं यंत्र होतं. ते सकाळी नऊला सुरू व्हायचं ते सहाला बंद. मधे दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी, तेवढाच तास त्यांचा. सहानंतर घोगऱ्याचे वडील, म्हणजे गादीवाले काका, कुलूप लावून किल्ली कमरेला खोचायचे, आणि त्या नियमाला आजवर सुट्टी मिळालेली नव्हती. म्हणजे रोजचा एक तास. त्यातली वीस मिनिटं तारा जोडण्यात जायची. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. मग माईकमधे कापसाचा तंतू अडकायचा. पंखा लावला तर त्याची घरघर यायची, बंद केला तर घामाने कागद हातात विरघळायचा. सगळं जमून आलं की पलीकडच्या वर्कशॉपमधे कुणीतरी लोखंड कापायला घ्यायचं.

"त्याला सांगून ये की जरा."

"काय सांगू? दादा, आमचं गाणं चाललंय, तुम्ही पोट उपाशी ठेवा?"

अशी तीन वर्षं. आठ महिने तर गटाचं नाव काय ठेवायचं यावर भांडण्यातच गेले, आणि शेवटी नाव ठेवलंच नाही. दोन गाणी पूर्ण झाली, ती तिघांनी आपापल्या फोनवरून इंटरनेटवर टाकली. ऐकणारे बाहेरचे एकूण एकसष्ट. त्यातला एक ठोक्याचा मामा, त्याने चार वेळा ऐकलं होतं.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती, ती इथे सांगायलाच हवी, कारण सगळं घोडं पुढे तिथेच अडलं. संगणकात जागा कमी. त्यामुळे काट्याचा आवाज वेगळा, घोगऱ्याचा वेगळा, ठेका वेगळा, असं रेकॉर्ड करून झालं की ठोक्या ते सगळं एकत्र करून एकजीव गाणं बनवायचा, आणि लगेच सुटे भाग पुसून टाकायचा. पुढच्या गाण्याला जागा हवी ना. पिठात मीठ मिसळल्यावर मीठ वेगळं काढता येत नाही, तसं ते. आणि दुसरं म्हणजे, तासाभरात आख्खं कडवं चुकल्याशिवाय म्हणून होणं कठीण, म्हणून काट्या तुकड्यातुकड्याने म्हणायचा. चार ओळी आज, पाच उद्या. ठोक्या टाके घालून जोडायचा. तिसऱ्या गाण्याचं तिसरं कडवं असं नऊ तुकड्यांत झालं होतं.

ते गाणं वजनकाट्यावरच होतं.

*भरला ट्रक मोजला, रिकामा ट्रक मोजला,*
*माझ्या बापाचा घाम सांगा कुणी कुठे तोलला?*

काट्याला मनातून कळलं होतं की हे जमलंय. गाणं अजून एकजीव व्हायचं होतं, तेव्हाच त्याने ते ठोक्याच्या संगणकावर एका ओळखीच्या ड्रायव्हरला ऐकवलं. ड्रायव्हरने मान डोलावत शेवटपर्यंत ऐकलं, कानातून इयरफोन काढले आणि म्हणाला, "झकास. फक्त मागे कोण खोकतंय रे?"

बस, एवढंच. पण तीन वर्षांचा वैताग माणसाच्या अंगात साठलेला असला, की त्याला ठिणगी पुरते. काट्या त्या रात्री नीट झोपला नाही. इतकी वर्षं आपलं काही होत नाही याचं कारण त्याला जणू सापडलं होतं. शहरातल्या मोठ्या सभागृहात नव्या मुलांचा कार्यक्रम ठरला होता, गाणी मागवली होती, पाठवायला तीनच दिवस उरले होते. त्याने ठोक्याला गाठलं.

"घोगऱ्याचा आवाज काढ."

ठोक्याची बोटं थांबली. "त्याला विचारलंस?"

"विचारतो."

"विचारून मग सांग."

"अरे विचारतो म्हटलं ना. तू काढ तोवर. वेळ कुठे आहे?"

ठोक्याने काढला. गाणं एकजीव केलं, आणि सवयीप्रमाणे सुटे भाग पुसून टाकले. काट्याने विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू असं करत तीन दिवस गेले, गाणं गेलं, आणि दोन आठवड्यांनी निरोप आला की गाणं निवडलं आहे.

निरोप आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. घोगऱ्याला ठोक्याकडून कळलं आणि त्याने धावत जाऊन वडिलांना खुणेने सांगितलं, कारण यंत्र चालू असताना काकांशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. काकांनी मुलाकडे पाहिलं. मग जी गोष्ट त्यांनी लाईट गेल्याशिवाय कधी केली नव्हती ती केली. अकरा वाजता यंत्र बंद केलं.

तोवर काट्या वजनकाट्यावरून पळत आला होता. खोळी शिवणाऱ्या दोघी बायका सुया खोचून उठल्या. काका कान खाजवत उभे राहिले, यंत्राची घरघर कानातून ओसरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "लाव. मोठ्याने लाव."

काट्याने फोन गादीवर ठेवला. आता थांबवता येणार नव्हतं.

काका डोकं एका बाजूला झुकवून ऐकत होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांची भुवई किंचित वर व्हायची, आणि ओळ संपली की खाली. आता येईल, आता येईल असं चाललं होतं. कडवी संपली. गाणं संपलं.

"चांगलं आहे," काका म्हणाले. "शब्द चांगले आहेत." मग मुलाकडे वळून, अगदी साधेपणाने, "यात तू कुठे आहेस?"

घोगऱ्याने काट्याकडे पाहिलं. काट्या तेव्हा बोलू शकला असता. चार शब्दांचं काम होतं. दिवसभर भोंग्यातून बोलणाऱ्या माणसाला ते चार शब्द तोंडातून निघेनात. तो गादीच्या टाक्यांकडे बघत राहिला.

"या गाण्यात मी नव्हतो बाबा," घोगऱ्या म्हणाला.

"अच्छा." काकांनी मान हलवली. "मग तीन वर्षं जेवणाची सुट्टी कुठे घालवत होतास?"

शिवणाऱ्या बायकांतली थोरली हळूच म्हणाली, "जाऊ द्या हो, पोरं आहेत." काकांनी जाऊन यंत्र चालू केलं.

त्यानंतर घोगऱ्या दुपारच्या सुट्टीत दिसेनासा झाला. गाद्या पोचवायची हातगाडी तो एक वाजता बाहेर काढायचा आणि दोनला परत आणायचा. काट्याला वाटलं होतं काका आता खोलीत पाऊल ठेवू देणार नाहीत. झालं उलटंच. काकांनी त्याला दारात बघितलं आणि म्हणाले, "ये, ये. तू तरी काहीतरी करून दाखवलंस. आमचे चिरंजीव नुसते हजेरी लावत होते." ते शब्द काट्याच्या पाठीवर थापेसारखे पडले आणि दिवसभर तिथे दुखत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घोगऱ्या ओरडला नाही, भांडला नाही. एकदाच रस्त्यात समोर आला तेव्हा म्हणाला, "सांगितलं असतंस तर मीच म्हणालो असतो, काढ. एवढा काय मोठा गळा आहे माझा." आणि गाडी ढकलत निघून गेला.

"त्याचा आवाज परत घाल," काट्या ठोक्याला म्हणाला.

"कुठून घालू? पुसला."

"कुठेतरी असेल."

"अरे पुसला म्हणजे पुसला. तुझ्यासमोर पुसला. तेव्हा काय डोळे मिटून जप करत होतास?"

कार्यक्रमाआधी प्रत्येकाची सभागृहात एक चाचणी होती. काट्या वजनकाट्यावरून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून चार वाजता तिथे गेला. रिकाम्या खुर्च्या, मंचावर एक माईक, आणि खाली यंत्रांच्या टेबलामागे एक म्हातारा ध्वनीवाला, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. ठेका सुरू झाला. पहिलं कडवं निघालं. दुसऱ्यात काट्याची मान ताठ झाली. तिसऱ्याच्या पाचव्या ओळीत छातीतली हवा संपली. शब्द होते, श्वास नव्हता. तो थांबला.

"परत," ध्वनीवाला म्हणाला.

परत पाचव्या ओळीत. तिसऱ्या वेळेला चौथीतच. मागच्या रांगेत आपली पाळी यायची वाट बघणाऱ्या दोन मुली एकमेकींकडे बघत नव्हत्या, आणि तेच त्याला जास्त लागलं.

ध्वनीवाल्याने चष्मा चढवला. "रेकॉर्डिंगमधे श्वास कुठे घेतला होतास?"

काट्याने माईकपासून तोंड मागे घेतलं.

"घेतलाच नाहीस. तुकडे जोडलेत. असू दे, सगळेच जोडतात. पण बाळा, हे गाणं एका माणसाचं नाहीच. ओळींच्या शेवटी कुणीतरी असल्याशिवाय हे उभं राहत नाही. होतं का कुणी?"

"होता."

"मग घेऊन ये त्याला. उद्या एक वाजता. दोनला संध्याकाळच्या कार्यक्रमाची यादी छापायला जाते, त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

काट्या बाहेर पडला तो थेट गाद्यांच्या गल्लीत. थोरली शिवणारी म्हणाली, घोगऱ्या डबल गादी घेऊन चौकापलीकडच्या इमारतीत गेलाय. तिथे जिन्याखाली हातगाडी होती. वर पहिल्या वळणावर एक गादी भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्यामागून धापा ऐकू येत होत्या.

काट्याने खालची बाजू धरली.

"कोण?" गादीपलीकडून आवाज आला.

"मी."

"वर उचल. कोपरा कठड्यात अडकलाय."

गादी चढू लागली. दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, आणि काट्याला ते सोयीचंच होतं.

"श्वास संपला ना?" घोगऱ्या म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं. तिसऱ्या कडव्यात तू दर वेळेला माझ्यावर टेकायचास. डावीकडे घे. डावी म्हणजे माझी डावी."

काट्याने सभागृहात काय झालं ते सांगितलं. उद्या एकची वेळ सांगितली. "चल माझ्याबरोबर," म्हणाला. ते म्हणताना त्यालाच ते कानाला बरं वाटलं नाही.

"मी येणार नाही."

"अरे, तुझ्याशिवाय गाणं..."

"माझ्याशिवाय गाणं झालं की. निवडलं पण. आता काय त्याला चाकं बसवायला मी हवाय?"

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर दोघांनी गादी टेकवली. वरच्या दारातून एक बाई डोकावून म्हणाली, "अहो, आज येणार ना ती वर?" घोगऱ्या म्हणाला, "येतेय, येतेय काकू. जरा गुबगुबीत आहे, वेळ लागतो तिला." बाई हसून आत गेली. मग त्याच आवाजात, पण खाली बघून, तो म्हणाला, "बाबा जेवताना माझ्याकडे बघत नाहीत. रागावले असते तर कळलं असतं. ते मला खोटारडा समजतात. तीन वर्षं मी त्यांना रोज सांगत होतो, आज अमुक ओळ झाली, आज तमुक."

"मी सांगतो त्यांना."

"काय सांगणार?"

"की आवाज होता. मी काढायला लावला. तुला न विचारता. आणि त्या दिवशी मी गप्प बसलो."

"घरी नको सांगूस. आईसमोर ते 'बरं बरं' म्हणून सोडून देतील. कारखान्यात सांग, त्या दोघींसमोर. त्यांच्यासमोर झालं होतं."

"कारखान्यात, म्हणजे यंत्र बंद असताना."

"म्हणजे एक वाजता," घोगऱ्या म्हणाला.

सभागृहाची वेळही तीच होती, हे दोघांनाही कळलं. खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी बाजूला घे म्हणून हाक मारत होतं.

"परवा सांग हवं तर," घोगऱ्या म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. "कार्यक्रम होऊन जाऊ दे. तू काय, विचारतो म्हणालास, सांगतो म्हणालास. मला सवय झालीय."

काट्याने हातांना चिकटलेले तंतू शर्टाला पुसले. परवा हा शब्द त्याच्या अगदी जिभेवर आला होता. परवा सांगितलं तरी खरं ते खरंच राहणार होतं. उद्या एकपर्यंत ओळींचे शेवट उचलायला दुसरा कुणी माणूस मिळवता आला असता. तीन वर्षं, ती एकसष्ट माणसं, घामाने विरघळलेले कागद, सगळं त्याच्या बाजूने बोलत होतं.

"उद्या," तो म्हणाला. "एक वाजता. शब्द देतो."

"बघ हं."

"दिला."

"मग उचल," घोगऱ्या म्हणाला. "काकू उभ्यानेच झोपतील नाहीतर."

दुसऱ्या दिवशी साडेबारालाच ठोक्या स्कूटर घेऊन वजनकाट्याच्या फाटकाशी आला. त्याने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. "चल. मी उभा राहतो तुझ्या मागे. ओळीचा शेवट मी बोलतो."

"तुला ओळी येतात?"

"ओठ हलवतो. म्हातारा चष्म्याशिवाय बसतो, त्याला काय दिसतंय?"

काट्याला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आलं, आणि अर्ध्यातच विरलं. "मी येत नाहीये. तू जा, आणि त्यांना सांग की यादीत आमचं नाव घालू नका."

"वेडा झालायस का? तीन वर्षं, काट्या. तीन वर्षं मी त्या डब्यासमोर बसून..." ठोक्याचा आवाज चिरकला. त्याने स्कूटरच्या हँडलवर हात आपटला आणि मग तिथेच ठेवला. "निदान कारण तरी सांग."

काट्याने सांगितलं. ठोक्या ऐकत राहिला. पुसणारं बोट आपलं होतं हे त्यालाही आठवलं असावं, कारण तो पुढे वाद घालू शकला नाही. "सगळं मुसळ केरात घातलंस," एवढंच म्हणाला. स्कूटर वळवली, आणि ती सभागृहाकडे वळली की घराकडे, ते काट्याला फाटकातून दिसलं नाही.

फळीवर एक ट्रक येऊन उभा राहिला होता. काट्याने त्याचा नंबर आणि वजन सांगितलं, चिठ्ठी फाडून खिडकीतून दिली. माईकची कळ बंद केली. आत डबा उघडून बसलेल्या वजनकाट्यावरच्या काकांना म्हणाला, "तासभर जाऊन येतो."

"सभागृहात ना? जा, जा. देव यश देवो."

"तिकडे नाही काका. गाद्यांच्या कारखान्यात."

काकांना काही कळलं नाही, पण त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि खुर्ची माईककडे सरकवली. काट्याने नळाखाली तोंड धुतलं, ओल्या हातांनी केस मागे सारले. बोलायचे शब्द एकदा मनात म्हणून पाहिले. एकला पंधरा मिनिटं कमी होती. फाटकाबाहेर पडून तो डावीकडे वळला, सावलीच्या बाजूने, कुणाला दिसेल न दिसेल अशा चालीने.